अडीच तोळे शिसं

धाव बसवायची असली की आमच्या दारात सकाळपासून माणसं जमायची. एकट्यादुकट्याचं ते काम नव्हे. आम्ही सुतार, पण धावेच्या दिवशी लोहारकाकांशिवाय पान हलायचं नाही. आबा चाक जुळवून द्यायचे. मधे बाभळीचा तुंबा, तुंब्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर पुठ्ठे, म्हणजे परिघाचे ते वाकडे लाकडी तुकडे. हे सगळं नुसतं सांध्यावर उभं असायचं. सरस नाही, खिळा नाही. धक्का मारला तर खुळखुळायचं. त्याला चाकपण यायचं ते धावेनं.

लोहारकाका सुतळीनं चाकाचा घेर मोजायचे आणि लोखंडी पट्टी त्याहून थोडी आखूड तोडायचे. किती आखूड, हे त्यांना विचारायची सोय नव्हती. विचारलं तर म्हणायचे, "पट्टी सांगती की." पुढं मी हिशेब शिकलो तेव्हा मांडून बघितलं. साडेचार फूट उंचीच्या चाकाचा घेर चौदा फुटांच्या आसपास भरतो. तेवढी पट्टी लालभडक तापली की दीड इंचाच्या जवळपास वाढते. म्हणजे आखूडपणा त्याच्या आतला पाहिजे, आणि गार झाल्यावर लाकूड आवळून धरेल एवढाही पाहिजे. काकांना हे आकडे ठाऊक नव्हते. त्यांची पट्टी मात्र चुकल्याचं मी कधी बघितलं नाही.

अंगणात शेणींचं कडं रचून त्यात धाव तापवायची. लाल झाली की चौघांनी सांडशांत धरून उचलायची, पळत आणायची आणि चाकावर सोडायची. लाकूड भप्पकन पेटायचं. धुरात कुणी दिसायचं नाही, घण तेवढे ऐकू यायचे. मग बायका घागरी घेऊन पुढं. पाणी पडलं की चर्रर्र व्हायचं, आणि त्या आवाजाच्या पोटात दुसरा एक आवाज असायचा, सांधे आवळत जातानाचा. कट्, कट्, कट्. आबा तो ऐकायला मान वाकडी करून उभे राहायचे. सगळं निवलं की चाक उभं करून एकेका आऱ्यावर मोगरीनं हलकेच टोला द्यायचे. घट्ट आरा टणकन बोलायचा. सैल असला तर बद्द वाजायचा. बद्द आरा घेऊन आमच्या दारातून चाक बाहेर गेलं नाही.

त्या चाकाचा तोल कुणी बघायचा नाही. तोल नावाची गोष्टच त्या कामात नव्हती. चाक गोल पाहिजे, घट्ट पाहिजे, कण्यावर सरळ पाहिजे, झालं. एका बाजूचा पुठ्ठा ओल्या लाकडाचा, दुसऱ्या बाजूचा वाळलेला, असं सर्रास चालायचं. पावसाळ्यात चाकाला दोन-दोन किलो चिखलाचा लोंबा धरायचा आणि बैल तसेच चालत राहायचे. ह्याचं कारण मला पुढं पुण्यात कळलं, आणि तेही एका परदेशी गाडीच्या तारेच्या चाकापाशी. ते सांगायच्या आधी आमचं काम कसं बसलं ते सांगायला हवं.

साठीच्या दशकात आमच्या कृष्णाकाठी ऊस वाढला, साखर कारखाने उभे राहिले. ऊस वाहायला टायरची बैलगाडी आली. मोटारीच्या जुन्या आखाला रबरी टायर आणि वर फळ्यांचा साटा. ती तेवढ्याच बैलांत किती तरी जास्त ऊस ओढायची आणि रस्ताही उकरायची नाही. तिला आमच्याकडं डनलॉपची गाडी म्हणत, टायर कुठल्या का कंपनीचं असेना. ह्या डनलॉपनं पश्चिम बंगालमध्ये हुगळीकाठी साहागंजला १९३६ साली कारखाना घातला होता. तिथपासून आमच्या गल्लीत हे नाव यायला तीस वर्षं लागली, आणि आल्यावर पाच-सात वर्षांत त्यानं आबांच्या हातातला वाकस खाली ठेवायला लावला.

गंमत अशी, की मूळचा डनलॉप हा गुरांचा डॉक्टर. स्कॉटलंडचा, राहायला आयर्लंडात बेलफास्टला. पोराच्या तीनचाकी सायकलीला दगडी रस्त्यावर धक्के बसतात म्हणून त्यानं रबरी नळीत हवा भरून ती चाकाला गुंडाळली, आणि १८८८ साली पेटंट घेतलं. त्याच्या आधी १८४५ मध्येच रॉबर्ट थॉमसन नावाच्या दुसऱ्या एका स्कॉट माणसानं हीच कल्पना नोंदवून ठेवली होती, त्यामुळे डनलॉपचं पेटंट पुढं टिकलं नाही. पण थॉमसनच्या काळी सायकलींचा सुळसुळाट नव्हता आणि डनलॉपच्या काळी होता. नाव डनलॉपचं झालं. गुरांच्या डॉक्टरनं काढलेली वस्तू शेवटी बैलांच्याच कामाला आली, हे आबांना मी सांगितलं होतं. ते म्हणाले, "बैलांचं बरं झालं. माणसांचं कुणी बघायचं?"

१९७१ मध्ये मी पुण्याला आलो. पहिली दोन वर्षं सायकलच्या दुकानात काढली. तिथं मला तारेचं चाक भेटलं. सुताराच्या पोराला ते चाक आधी खोटंच वाटतं. आमचा आरा दाबावर काम करतो, वरचं ओझं खांबासारखं खाली पोचवतो. सायकलची तार उभी धरून तिच्यावर बोट दाबलं तर ती वाकते. तिचं काम ओढीवर चालतं. रिमला चहूबाजूंनी सारखी ओढ बसली की त्या ओढीतून चाक ताठ होतं. आमच्या चाकात धाव बाहेरून आवळते, इथं तारा आतून ओढतात, आणि दोन्हीकडं मधलं काही सैल राहून चालत नाही. ताणाच्या तारांचं चाक जॉर्ज केली ह्या इंग्रज संशोधकानं १८०८ मध्ये विमानाच्या नादात कल्पिलं होतं. सायकलीत आज दिसतात तशा तिरप्या, एकमेकींना ओलांडून जाणाऱ्या तारा कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीनं १८७४ साली आणल्या. रिम एका बाजूला मारत असेल तर निपल अर्धा-पाव वेढा फिरवून ती सरळ करायची, ह्याला दुकानात 'आउट काढणं' म्हणत. मला त्याचा हात लवकर बसला. रक्तातच चाक होतं म्हणा.

त्या हातामुळेच जुन्या गाड्यांच्या गॅरेजात लागलो. वस्ताद साठीकडं झुकलेले, कमी बोलणारे. संस्थानिकांच्या, साहेब लोकांच्या मागं राहिलेल्या गाड्या त्यांच्याकडं यायच्या. त्यांतल्या ज्या धावायच्या म्हणून बांधलेल्या, दोन माणसांच्या, कमी उंचीच्या गाड्या, त्यांना बहुधा तारेची चाकं असत. सुरुवातीच्या मोटारींना खरं तर आमच्यासारखीच लाकडी आऱ्यांची चाकं होती. फोर्डच्या मॉडेल टीला जवळजवळ शेवटपर्यंत ती होती. शर्यतीच्या गाड्यांना मात्र हलकं चाक पाहिजे आणि झटक्यात बदलता येणारं पाहिजे, कारण तेव्हाची टायरं शर्यतीत पटापटा फुटायची. कॉव्हेंट्रीच्याच रज-व्हिटवर्थ कंपनीनं त्यावर तोड काढली. गाडीवर दातेरी हब, चाकाच्या पोटात तसेच दाते, आणि बाहेरून एकच मोठं दोन कानांचं नट. कानावर हातोड्याचे चार टोले मारले की चाक हातात. ह्याचा फायदा एवढा उघड होता, की १९०८ च्या फ्रान्समधल्या ग्रां प्री शर्यतीत नेपियरच्या गाड्यांना ही चाकं वापरायला मनाई झाली आणि त्या उतरल्याच नाहीत. पुढं पन्नास-साठ वर्षं स्पोर्ट्स गाडी म्हटलं की तारेची चाकं आणि मधोमध ते कानाचं नट, हे ठरूनच गेलं. अमेरिकेनं साठीच्या दशकाच्या अखेरीस बाहेर आलेल्या कानांवर बंदी घातली, पायी जाणाऱ्याला लागतात म्हणून. मग आठकोनी नटं आली. हातोड्याचा आवाज गेला.

आता त्या गाडीकडं येतो. एका वकीलसाहेबांची एम.जी. टीसी. ही गाडी इंग्लंडात ॲबिंग्डनला १९४५ ते १९४९ ह्या काळात झाली, सगळ्या मिळून दहा हजार. साडेबाराशे सीसीचं इंजिन, एकोणीस इंची उंच बारीक चाकं, एकेका चाकाला अठ्ठेचाळीस तारा, साडेचार इंची टायर. चाकावर नाव ठोकलेलं होतं, डनलॉप. मी ते बोटानं पुसून दोनदा वाचलं.

साल १९८६. वकीलसाहेबांनी नवी टायरं परदेशातून भाच्याकरवी मागवली होती. ती घातल्यापासून गाडी हँडल मारायला लागली. तिच्या घड्याळात वेग मैलात. पस्तीसपर्यंत काही नाही, चाळीस ओलांडले की स्टेअरिंग थरथरायचं आणि पंचेचाळीसला हातातून सुटेल असं व्हायचं. ह्या गाडीचा पुढचा आख एकसंध आहे, बैलगाडीसारखा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक चाक उडालं की दुसऱ्याला कळतंच. आणि एकदा दोन्ही चाकं एकमेकांना उत्तर द्यायला लागली की ड्रायव्हरच्या हातात काही राहत नाही. वकीलसाहेब एकदा बायकोला घेऊन खडकवासल्याकडं निघाले होते, तेव्हा गाडी रस्त्याखाली उतरली. लागलं कुणाला नाही. पण बाईंनी सांगितलं, आता एक तर ही गाडी राहील नाही तर मी.

पुण्यात तेव्हा चाकं फिरवून तोल दाखवणारी यंत्रं नुकती आली होती. वकीलसाहेब चारही चाकं तिथून करून आणलेली होती. यंत्रानं शून्य दाखवलं होतं, कागदही दिला होता. तरी गाडी तशीच. त्यांना वाटलं स्टेअरिंगचा पेटारा गेला. वस्तादांनी तो उघडला, होती ती ढिलाई काढली. थरथर थोडी उशिरा सुरू व्हायला लागली, एवढाच फरक.

मला वस्तादांनी चाकं घेऊन परत त्या यंत्राच्या दुकानात पाठवलं. म्हणाले, "शून्य दाखवेल. मग चाक सोडायला सांग, अर्धं फिरवून परत बसव म्हणावं." तसं केलं. त्याच चाकानं ह्या खेपेला चाळीस ग्रॅम दाखवले. तिसऱ्यांदा लावलं तर पंचवीस, आणि तेही तिसऱ्याच जागी. दुकानदार माझ्याकडंच संशयानं बघायला लागला. यंत्र खोटं नव्हतं. ते चाकाच्या मधल्या भोकात एक शंकू घालून चाक पकडत होतं. साध्या पत्र्याच्या चाकाला ते ठीक. तारेच्या चाकाचं मधलं भोक म्हणजे दात्यांचा बोगदा. ते चाक गाडीवर भोकानं बसतच नाही. आतल्या बाजूला हबचा एक उतार आणि बाहेरच्या बाजूला नटाचा एक उतार, ह्या दोन उतारांच्या मधे ते आवळलं जातं. त्याचं खरं केंद्र तिथं. यंत्र ते चाक दुसऱ्याच केंद्राभोवती फिरवून त्याचा तोल काढत होतं.

चाक आणि टायर मिळून पंधरा किलो धरा. ते केंद्रापासून अर्धा मिलिमीटर बाजूला धरलं गेलं, की रिमवर तीसेक ग्रॅम शिसं चुकीच्या जागी लागतं. तीस ग्रॅम म्हणजे किती? सोनाराच्या भाषेत अडीच तोळे. एवढ्यानं मोटार रस्त्याखाली उतरते का, असं कुणी म्हणेल. मीही म्हटलं होतं. वस्तादांनी गॅरेजच्या भिंतीवर खडूनं हिशेब करून दाखवला. फिरणाऱ्या वजनाची ओढ वेगाच्या वर्गानं वाढते. वेग दुप्पट, ओढ चौपट. ह्या चाकावरचे तीस ग्रॅम ताशी वीस किलोमीटरला दोनशे ग्रॅमइतकेही ओढत नाहीत. ऐंशीला तेच तीन किलोची ओढ मारतात, एकदा वर, एकदा खाली, सेकंदाला दहा वेळा. दर सेकंदाला तीन किलोचे दहा हातोडे.

मी रात्री त्याच भिंतीवर आमच्या बैलगाडीचा हिशेब मांडला. ताशी चार किलोमीटर, साडेचार फुटी चाक, धावेला धरलेला दोन किलोचा चिखल. ओढ आली साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. मणभराहून जड चाकाला त्याचं काय? आबांच्या कामात तोल का नव्हता, ते मला त्या भिंतीवर कळलं. त्यांना तो माहीत नव्हता असं नाही. बैलाच्या चालीला तो दिसतच नाही.

तोल काढायची वस्तादांची रीत जुनी होती. चाक ज्या हबवर धावणार त्याच हबवर तोलायचं. पुढचा आख उचलला, ब्रेकच्या पट्ट्या मागं घेतल्या, हब काढून बेअरिंगमधलं घट्ट ग्रीस रॉकेलनं धुतलं आणि पातळ तेलाचे चार थेंब सोडले. आता चाक फुंकरीनंही हलायचं. जड बाजू आपोआप खाली येऊन थांबते. तिथं खडूची खूण करायची, चाक पाव वेढा फिरवून सोडायचं, परत बघायचं. तीनदा तीच जागा खाली आली तर खरी. मग समोरच्या, वरच्या बाजूला मेणाचा गोळा चिकटवत जायचं. चाक कुठंही सोडलं तरी तिथंच थांबलं, की मेण काढून वजन करायचं आणि तेवढं शिसं लावायचं.

पण त्याच्याही आधी दोन कामं असतात, आणि लोक नेमकी तीच टाळतात. पहिलं, आउट काढणं. रिम वर-खाली मारत असेल तर कितीही शिसं लावा, चाक उड्या मारणारच. दुसरं, टायर रिमवर कसं बसलंय. डनलॉपच्या टायरांवर कडेला रंगीत ठिपके असत, टायरचा सर्वात हलका भाग दाखवणारे. ते ठिपके ट्यूबच्या वाल्वपाशी आणायचे, म्हणजे वाल्वचा जडपणा आणि टायरचा हलकेपणा तिथल्या तिथं मिटतो. तारेच्या चाकाला ट्यूब लागतेच, कारण निपलांची भोकं रिमच्या आरपार असतात. निपलांची टोकं ट्यूबला बोचू नयेत म्हणून मधे पट्टी घालायची. आमच्या चाकांत एका ठिकाणी ती पट्टी दुमडली होती आणि ट्यूबलाही घडी पडली होती. भाच्यानं आणलेल्या टायरांचे ठिपके तर कुठल्या कुठं. सगळं उतरवून, शंखजिरं लावून परत बसवलं.

ह्याच दिवसांत आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पुण्याला आले. एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून गॅरेजात स्टुलावर बसायचे. मी एका चाकाशी सकाळपासून झटत होतो. आउट काढलेला, काट्यानं बघितलेला, अर्ध्या मिलिमीटरच्या आत. जड जागा सापडली होती, मेण लावून झालं होतं. आबा उठले, चाकापाशी आले आणि खिशातल्या किल्लीनं एकेका तारेवर टिचकी मारत सुटले.

"आबा, मेण पडंल."

"गप रं."

अठ्ठेचाळीस तारा. तिसाच्या पुढं कुठं तरी त्यांचा हात थांबला. दोन तारा शेजारशेजारच्या. परत वाजवल्या. बाकीच्या टिंग म्हणत होत्या, ह्या दोन बद्द.

"ह्या का बोलंनात?"

मला राग आला, खोटं कशाला सांगू. अर्धा दिवस गेला होता. रिम सरळ होती, पण ती शेजारच्या तारांनी जास्त ताण घेऊन सरळ धरलेली. चाललं असतंही थोडे दिवस. मग जास्त ताणाची एखादी तार तुटली असती, किंवा पहिल्या खड्ड्यात रिम हलली असती आणि तोल गेला असता. टायर उतरवलं, दोन निपलं गंजून बसली होती ती बदलली, सगळ्या तारा परत सारख्या केल्या, आउट परत काढला. आता मेण परत लावलं तर ते आधीच्या जागेपासून वीतभर सरकलं होतं आणि वजनही बदललं होतं. वस्ताद लांबून बघत होते. त्यांनी आबांसाठी चहा मागवला. माझ्यासाठी नाही.

मेणाचं वजन करायला आमच्याकडं काटा नव्हता. शेजारच्या गल्लीतल्या सोनाराकडं जायचो. ह्या चाकाचं मेण त्यानं तोललं आणि म्हणाला, "अडीच तोळे. सोनं असतं तर लेकीचं लग्न निघालं असतं." तेवढं शिसं, किंचित जास्तच, तारेसारखं लांब करून निपलांजवळ तारांना गुंडाळलं. निपलापाशी ते रिमच्या कडेपेक्षा केंद्राला थोडं जवळ येतं, म्हणून किंचित जास्त. अर्धं आतल्या रांगेच्या तारांना, अर्धं बाहेरच्या. एकाच बाजूला लावलं तर वर-खाली उडणं थांबतं पण चाक डावं-उजवं झोला मारायला लागतं. रुंद चाकाला तो झोला यंत्रावर जोरात फिरवूनच काढावा लागतो. साडेचार इंची टायराला वस्तादांच्या रीतीनं भागतं.

चारही चाकं त्याच हबवर तोलून झाली. मग दोन्ही बाजूंचे पुढचे हब परत नीट ग्रीस भरून बसवायचे होते. ते मी बसवले. वकीलसाहेब बाहेर थांबलेले, मलाही गाडी पळवून बघायची घाई. ह्या घाईत मी उजवा हब डावीकडं आणि डावा उजवीकडं बसवला.

दिसायला दोन्ही सारखेच. फरक आट्यांत. डाव्या हबला सरळ आटे, उजव्याला उलटे. गाडी पुढं धावते तेव्हा चाक आणि नट ह्यांच्यातल्या बारीकशा खेळामुळे नट हळूहळू फिरू बघतं, आणि रजच्या रचनेत ते फिरणं आवळण्याकडं जातं. हब उलटसुलट झाले की तेच फिरणं सोडण्याकडं. वस्तादांनी पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं, चाक पुढं धावतं त्या दिशेला टोला मारला तर नट सुटलं पाहिजे. नटाच्या कानावर बाजूही कोरलेली असते. ह्या गाडीच्या नटांवरची अक्षरं पॉलिश करून करून गेली होती. आटे ज्या बाजूला धरले त्या बाजूला मी हातोडा मारला.

जुन्या मुंबई रस्त्यानं देहूरोडच्या पुढं गेलो. चाळीस. स्टेअरिंग शांत. बेचाळीस, पंचेचाळीस. पाण्यावरून गेल्यासारखी गाडी. वस्ताद शेजारी बसलेले, मी त्यांच्याकडं बघून हसलो. तेवढ्यात ते म्हणाले, "थांबव." मला काही ऐकू आलं नव्हतं. वेग कमी केल्यावर आलं, डावीकडून, टिक् टिक् टिक्, दाते खेळल्याचा आवाज. उतरलो. डावं नट मी नुसत्या पंज्यानं फिरवलं. फिरलं.

अजून दोन-चार किलोमीटर, फार तर. नंतर चाक एकीकडं, आम्ही दुसरीकडं. समोरून ट्रकांची रांग चालली होती. बैलगाडीच्या कुणीला डावं-उजवं नसतं. ती आहे की नाही, एवढंच बघायचं असतं.

वस्ताद रागावले नाहीत. त्यांनी दोन्ही नटं ठोकली आणि गाडी स्वतः चालवत आणली, पंधराच्या वेगानं, दर मैलाला थांबून नट ठोकत. गॅरेजात आल्यावर मला म्हणाले, "डाव्या हबवर कानशीनं खाच मार. तुझ्यासाठी नाही, तुझ्यानंतर उघडेल त्याच्यासाठी." ती खाच अजून तिथं असेल. आबांना मी ही गोष्ट सांगितली नाही.

गाडी वकीलसाहेबांकडं बारा वर्षं होती, पुढं मुंबईला गेली. बाई राहिल्या, गाडीही राहिली. हल्ली व्हिंटेज गाड्यांच्या रॅलीत जाऊन बघतो, तर रंग आरशासारखा, आणि तारांवर क्रोमियमचा मुलामा. मुलामा दिलेली तार वाजवून बघायचं कुणाच्या मनात येत नाही. चाकांवर चिकटवायची वजनं कुठंही डकवलेली. ताशी वीसनं मिरवणूक काढायची, मग कोण विचारतंय तोलाला!

मी कोल्हापूरला परत आलो. उद्यमनगरातल्या एका टर्नरकडून दोन शंकू लेथवर काढून घेतले, एक हबच्या उताराचा, एक नटाच्या उताराचा. त्यांच्या मधे तारेचं चाक धरलं की आजचं यंत्रही खरं बोलतं. चाक सोडून, अर्धं फिरवून परत लावून बघायची वस्तादांची चाचणी मी अजून प्रत्येक चाकाला लावतो. पुण्या-मुंबईहून चाकं येतात, ट्रान्सपोर्टनं, गोणपाटात गुंडाळून. आली की आधी किल्ली काढून तारा वाजवतो.

आबा १९९४ मध्ये गेले. गोठ्यात त्यांच्या हातची दोन चाकं भिंतीला टेकून होती. एकाची धाव भंगारवाला घेऊन गेला, मी गावात नसताना. धाव काढल्यावर ते चाक उभं राहिलं नाही, पुठ्ठे आणि आरे मोकळे होऊन पडले आणि पावसाळ्यात चुलीत गेले. दुसरं अजून आहे. उन्हाळ्यात लाकूड आटतं आणि धाव खुळखुळायला लागते. मे महिन्यात गावी गेलो की पहिल्या दिवशी त्याच्यावर दोन घागरी पाणी ओततो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आरे वाजवून बघतो.